पुरवठादाराची तपासणी करायची तर सुरुवात आपल्याच पर्चेस ऑर्डरपासून

पुरवठादाराकडे कामगारांना कसं वागवलं जातं याच्या तपासणीला जायचं ठरलं की बहुतेक कंपन्या आधी प्रश्नावली शोधतात. दीडशे-दोनशे प्रश्न आणि पुढे 'होय/नाही'चे रकाने. ती सध्या बाजूला ठेवा आणि गेल्या 12 महिन्यांतल्या आपल्याच पर्चेस ऑर्डरी काढा. जादा तास, अडवलेला पगार, परस्पर बाहेर दिलेलं काम, या सगळ्याचं मूळ पुष्कळदा ऑर्डर देणाऱ्याच्या टेबलावर असतं. पुरवठादार साधुसंत असतो असं नव्हे. पण ज्या मुदतीत आणि ज्या भावात काम सरळ मार्गाने होऊच शकत नाही ते गळ्यात मारायचं आणि वर 'कामगारांना नीट वागवू' अशा आचारसंहितेवर सही घ्यायची, हा नुसता कागदी खेळ झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने 2011 मध्ये उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्यात कंपनीच्या जबाबदारीच्या तीन पायऱ्या आहेत: हानी आपण स्वतः केली, हानीला हातभार लावला, किंवा हानी दुसऱ्याने केली आणि धंद्याच्या नात्याने आपण तिच्याशी जोडले गेलो. पहिल्या दोन प्रकारांत हानी थांबवणं आणि भरपाईत वाटा उचलणं आपल्याकडे येतं. तिसऱ्यात आपलं वजन वापरून पुरवठादाराला सुधारायला लावणं अपेक्षित आहे. अशक्य मुदत आपणच दिली असेल तर आपण तिसऱ्या पायरीवर उभे नसतो, दुसऱ्या पायरीवर असतो. पुढचं सगळं काम या फरकावर उभं आहे. शिवाय हा आता केवळ सदिच्छेचा विषय राहिलेला नाही. मोठ्या कंपन्यांनी पुरवठा साखळीवर लक्ष ठेवावं असा कायदा फ्रान्सने 2017 मध्ये केला, जर्मनीचा 2023 पासून लागू झाला. त्या कंपन्यांना माल देणाऱ्या छोट्यांपर्यंतही हे प्रश्न पोचतातच.

ऑर्डरींचा तक्ता

प्रत्येक ऑर्डरीसाठी एक्सेलमध्ये एक ओळ करा. रकाने असे: ऑर्डर पक्की झाल्याची तारीख, डिलिव्हरीची तारीख, मधले कामाचे दिवस, पक्की झाल्यानंतर आपण केलेले बदल (नग, रंग, लेबल, पॅकिंग), बदलामुळे डिलिव्हरी किती दिवस पुढे ढकलली, पैसे द्यायची ठरलेली तारीख आणि पैसे प्रत्यक्ष गेल्याची तारीख.

हा तक्ता पर्चेसवाल्यांनी एकट्याने भरू नये. अकाउंट्सकडून पैशांच्या तारखा आणि गोदामाकडून माल आल्याच्या तारखा थेट घ्याव्यात, नाहीतर सगळं गोड दिसतं.

बदलाच्या रकान्यात काहीतरी आहे आणि तारीख ढकलल्याच्या रकान्यात शून्य, अशा ओळी रंगवा. ते दिवस कामगारांनी रात्री बसून भरून काढलेले असतात. दुसरी खूण पैशांची. कारखान्याला पगार दर महिन्याला करावा लागतो. आपलं बिल 90 किंवा 120 दिवसांनी निघत असेल तर मधले तीन-चार पगार तो उसनवारीवर करतो. ती जमली नाही की पगार लांबतात, आणि तपासणीच्या अहवालात मात्र 'पगार वेळेवर नाही' हा दोष एकट्या पुरवठादाराच्या नावावर लागतो.

क्षमतेचं गणित

हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दोन दिवसांच्या कारखानाभेटीत सापडणार नाही ते यात सापडतं. शिलाईच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ, पण रीत कुठल्याही मोजता येण्याजोग्या कामाला लागू आहे.

समजा एका नगाला 24 प्रमाणित मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण कार्यक्षमतेने काम झालं तर लागणारा वेळ. कारागीर 60, शिफ्ट आठ तासांची म्हणजे 480 मिनिटं, आणि लाइनची कार्यक्षमता 60 टक्के. म्हणजे माणशी कामाची मिनिटं 288, माणशी नग 12, दिवसाचे 720. कामाचे 20 दिवस असतील तर 14,400 नग. आपली ऑर्डर आहे 20,000 नगांची.

5,600 नग कमी पडतात. रोज दोन तास ओव्हरटाइम धरला तर माणशी तीन नग वाढतात, 60 जणांचे 180, वीस दिवसांचे 3,600. तरीही 2,000 उरतातच. सगळी तूट ओव्हरटाइमनेच भरायची तर प्रत्येकाला रोज तीन तासांहून थोडं जास्त बसावं लागेल. सहा दिवसांचा आठवडा धरला तर 66-67 तास होतात. बहुतेक आचारसंहितांत ओव्हरटाइमसकट 60 तासांची कमाल मर्यादा लिहिलेली असते, आणि देशाचा कायदा त्याहून कडक असेल तर तो पाळायचा. म्हणजे आपली ऑर्डर आपल्याच आचारसंहितेत बसत नाही. एक तर तास लपवले जातील, नाहीतर काम आपल्याला न सांगता जॉबवर्कवर जाईल, अशा शेडमध्ये जिचं नावही आपल्या यादीत नाही. हे गणित ऑर्डर पक्की करण्याआधी झालं पाहिजे. त्याच लाइनवर दुसऱ्या गिऱ्हाइकांचं काम किती आहे तेही पुरवठादाराला विचारा. कागदावरचे साठ कारागीर आपल्या एकट्याचे नसतात.

कार्यक्षमतेचा आकडा पुरवठादार वाढवून सांगतो, कारण त्याला ऑर्डर हवी असते. म्हणून सांगितलेला आकडा न घेता मागच्या तीन ऑर्डरींचं रोजचं उत्पादन मागा आणि त्यावरून उलटं काढा.

भावात मजुरी किती

मजुरीचा आकडा घासाघिशीच्या बाहेर काढून वेगळा ठेवायचा. कापड, बटणं, नफा, वाहतूक यांवर हवी तेवढी ओढाताण करा. मजुरी मात्र गणिताने येते. एका कारागिराचा महिन्याचा एकूण खर्च घ्या: कायदेशीर पगार, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, भरपगारी रजांचा वाटा. तो 15,000 आहे असं धरू, चलन कोणतंही असो. महिन्याचे 26 दिवस गुणिले 480 म्हणजे 12,480 मिनिटं. 60 टक्क्यांनी 7,488. एका प्रमाणित मिनिटाला साधारण 2 पडतात, 24 मिनिटांच्या नगाला 48. सुपरवायझर, हेल्पर, पॅकिंगवाले यात नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा.

आता पुरवठादाराने दिलेल्या भावाची फोड बघा. तिथे मजुरी 36 दिसली तर नगामागे 12 कुठून तरी येणार, आणि येण्याच्या वाटा थोड्याच आहेत: न नोंदवलेले तास, वर्गणी न भरलेले ठेक्याचे मजूर, किंवा घरी नेऊन केलेलं काम. कधी कार्यक्षमता खरोखर जास्त असते. 80 टक्क्यांवर हाच आकडा 36 च्या आसपास येतो. म्हणून लगेच आरोप न करता उत्पादनाच्या नोंदी मागाव्यात.

आधी कोणाकडे जायचं

सगळ्यांकडे एकदम जाता येत नाही. सवयीने लोक सर्वांत मोठ्या बिलापासून सुरू करतात. मोठा पुरवठादार दहा गिऱ्हाइकांकडून तपासला गेलेला असतो, आणि धोका बहुधा दुसरीकडे असतो. ठेकेदारामार्फत आलेले मजूर, परप्रांतातून किंवा परदेशातून आणलेले कामगार, आवारातच राहायची सोय, हंगामी काम, रसायनं, बहुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर काम, यांपैकी दोन गोष्टी जिथे आहेत ती जागा यादीत वर घ्या. साफसफाई, सुरक्षा आणि कँटीनचे ठेके विसरू नका. ते 'पुरवठादार' या नजरेने कोणी बघतच नाही.

भेट ठरवताना

तारीख सांगून गेलं तर त्या दिवशी कारखाना रंगवलेला असतो. अजिबात न सांगता गेलं तर फाटकावर थांबावं लागतं, मालक बाहेरगावी असतो आणि कागद कुलपात. मधला मार्ग बरा: 'येत्या तीन आठवड्यांत केव्हाही येऊ' असं लेखी कळवायचं आणि लागणाऱ्या कागदांची यादी सोबत द्यायची.

तपासणीचे पैसे कोण देतो हा प्रश्न लाजून टाळला जातो. बाहेरच्या संस्थेची फी पुरवठादार भरत असेल तर अहवाल मऊ येण्याची शक्यता गृहीत धरा. निदान संस्था निवडण्याचा आणि अहवाल थेट मिळवण्याचा हक्क आपल्याकडे ठेवा. तपासणाऱ्याचं जेवण, गाडी, राहणं आपल्या खर्चाने. निघताना हातात दिलेली 'आमच्याकडची छोटीशी आठवण' तिथेच परत करायची आणि अहवालात तशी एक ओळ लिहायची.

आधी पायी फेरी

प्रास्ताविकाची बैठक वीस मिनिटांत उरका. चहा-बिस्किटं आणि कंपनीची फिल्म यांत सकाळ गेली की दुपारी सगळी घाई होते. आधी फेरी, कागद नंतर, कारण फेरीत दिसलेल्या गोष्टी कागदात शोधायच्या असतात.

बाहेर पडायच्या दारांपासून सुरुवात करा. दार दाखवलं यावर समाधान मानू नका, स्वतःच्या हाताने उघडा. ते बाहेरच्या बाजूला उघडतं का, चावी लागते का, पलीकडे जिन्यात माल रचलाय का, जिना शेवटी मोकळ्या जागेत उतरतो की गोदामात? खिडक्यांना गज असतील तर दुसरी वाट कोणती? कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला सप्टेंबर 2012 मध्ये आग लागली आणि 250 हून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते, दारं बंद होती, आणि आगीच्या काही आठवडेच आधी कारखान्याला एका नामांकित सामाजिक मानकाचं, म्हणजे कामगारांना नीट वागवलं जातं असं सांगणारं, प्रमाणपत्र मिळालेलं होतं.

इमारतीची मजबुती सामाजिक तपासणीवाल्याला कळत नाही, आणि ते कबूल केलं पाहिजे. ढाक्याजवळच्या साव्हारमध्ये 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळला, 1,100 हून अधिक लोक दगावले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसल्यावर खालची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या मजल्यांवरच्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आलं. तिथल्या काही कारखान्यांची तपासणी पूर्वी झालेली होती. इमारत टिकेल का, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नव्हता. म्हणून मंजूर नकाशा मागा, मजले मोजा, नकाशात नसलेला मजला किंवा छतावर चढवलेला जनरेटर आणि पाण्याच्या टाक्या दिसल्या की थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर पाठवा. तोवर 'इमारत ठीक' असं लिहू नये. 'तपासली नाही' असं लिहावं.

बाकी फेरीत: मशीनची गार्ड जागेवर आहेत की काढून कोपऱ्यात ठेवली आहेत, रसायनांच्या डब्यांना लेबलं आहेत का, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह कामाच्या वेळेत विनापरवानगी वापरता येतं का. पाण्याच्या भांड्याजवळ दोन मिनिटं उभं राहिलं तरी बरंच समजतं.

मस्टर कशाशी पडताळायचं

मस्टर, म्हणजे हजेरीपट, आणि पगारपत्रक जुळतं याला फारसा अर्थ नाही; दोन्ही एकाच टेबलावर तयार होतात. दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेली वही शोधायची, कारण ती सजवायचं कोणाला सुचत नाही. गेट रजिस्टर, डिस्पॅचची चलनं, जनरेटरचा लॉग, क्वालिटीचे रोजचे रिपोर्ट, प्रथमोपचाराची वही, आणि शिलाईत असाल तर मोडलेल्या सुयांची वही.

रीत अशी. तीन महिने निवडा: गर्दीचा एक, मंदीचा एक आणि सर्वांत अलीकडचा एक. त्यांतल्या साप्ताहिक सुट्टीच्या तारखा कागदावर उतरवा. मस्टरवर त्या दिवशी सगळ्यांपुढे सुट्टी दिसेल. मग सुयांची वही उघडा. त्याच तारखेला चार सुया मोडल्याची नोंद आहे, लाइन नंबर आणि सही-वेळेसकट, रात्री 9 वाजून 40 मिनिटं. सुई आपोआप मोडत नाही.

मस्टरच्या चेहऱ्याकडेही बघा. महिनाभर प्रत्येकाची येण्याची वेळ मिनिटाला मिनिट तीच, एकच पेन, एकच अक्षर, कोपरे न दुमडलेली कोरी पानं, म्हणजे ते एका बैठकीत लिहिलेलं आहे.

असं सापडल्यावर आवाज चढवू नका. आधीच ठरवून ठेवलेली सवलत इथे कामी येते: खरी नोंद दाखवली तर दोष 'जादा तास' म्हणून लिहिला जाईल आणि सुधारायला वेळ मिळेल, खोटी नोंद पुढे रेटली तर 'लपवाछपवी' म्हणून. बरेच मालक इथे कपाटातून दुसरं मस्टर काढतात. पण ही सवलत खरी असली पाहिजे. खरं दाखवलं म्हणून एकाची ऑर्डर तोडली की ती बातमी सगळ्या पुरवठादारांत फिरते, आणि पुन्हा कोणी कपाट उघडत नाही.

कामगारांशी बोलणं

किती जणांशी बोलायचं? एकूण संख्येचं वर्गमूळ हा ढोबळ नियम चालतो: 100 जणांत 10, 400 जणांत 20. लहान ठिकाणी त्याहून जास्त घ्या. नावं आपण निवडायची, फेरीत दिसलेल्या लोकांतून. एचआरने आणून बसवलेले नकोत. अगदी नवीन, जुने, ठेक्याचे, रात्रपाळीचे, बाहेरून आलेले, बायका, सगळे थोडे थोडे हवेत. काहींशी एकेकट्याने, काहींशी चार-पाच जणांच्या गटात. केबिनमध्ये नाही, कॅमेऱ्यासमोर नाही, आणि सुपरवायझर दारात घुटमळत असेल तर त्याला नम्रपणे घालवा. भाषा येत नसेल तर दुभाषा आपला असावा. बायकांशी बाईनेच बोललेलं बरं.

'तुम्हाला पगार वेळेवर मिळतो का?' या प्रश्नाला 'हो' याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी असं विचारा:

- काल घरी किती वाजता पोचलात?
- मागच्या पावतीवर काय काय कापलं होतं?
- हे काम मिळवायला कोणाला काही द्यावं लागलं का? ते फिटलं का?
- ओळखपत्र, पासपोर्ट आत्ता कुठे आहे?
- उद्या नोकरी सोडायची म्हटलं तर काय होईल?

शेवटचे तीन प्रश्न वेठबिगारीच्या खुणा काढतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अशा 11 खुणा दिल्या आहेत. कागदपत्रं अडकवून ठेवणं, पगार अडवणं, कर्जाचा फास आणि अतिरेकी ओव्हरटाइम या त्यांतल्या चार. तिघांनी एकच वाक्य शब्दाला शब्द तसंच म्हटलं तर पढवलेलं आहे असं धरा, पण त्यांच्यावर उखडू नका. नोकरी त्यांची जाणार असते.

नावं लिहायची नाहीत. समारोपाच्या बैठकीत 'एका कामगाराने सांगितलं' असं म्हणणंही टाळा. साठ जणांच्या कारखान्यात तो एक कोण हे संध्याकाळपर्यंत कळतं. बोलण्यातून कळलेली गोष्ट आधी कागदात शोधा आणि कागदाच्या आधारेच मांडा. चार-सहा आठवड्यांनी त्या लोकांची नावं मस्टरवर अजून आहेत का, हे गुपचूप बघा.

सापडल्यावर

कुलूपबंद दार, सुरक्षा नसलेलं प्रेस मशीन, अडवलेले पासपोर्ट, असं काही असेल तर ते सुधारल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. पगारातली तूट, रजा, वर्गणी यांना 30 दिवस. तासांसारख्या मुरलेल्या गोष्टींना 90 दिवस, आणि तिथे आपल्या ऑर्डरींचा तक्ता सोबत ठेवा: सुधारणेच्या यादीत एक रकाना 'आम्ही काय बदलणार' असा हवा. तो रिकामा राहिला तर पुढच्या वर्षी हेच दोष पुन्हा सापडतील. नोकरीसाठी कामगारांनी दलालाला दिलेले पैसे त्यांना परत मिळाले पाहिजेत. कोणाचा वाटा किती ते आपण आणि पुरवठादाराने ठरवायचं, कामगाराला त्यात ओढायचं नाही.

लहान मूल कामावर सापडलं तर पहिली प्रतिक्रिया 'आत्ताच्या आत्ता काढा' अशी असते. त्याला कामावरून बाजूला घ्यायचंच, पण रस्त्यावर सोडायचं नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयातबंदीच्या प्रस्तावाला घाबरून बांगलादेशातल्या कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं, आणि त्यांतली कित्येक त्याहून धोक्याच्या आणि कमी पैशांच्या कामांत गेली. 1995 मध्ये तिथल्या निर्यातदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला, त्यात शाळा आणि विद्यावेतन आलं. तीच रीत आजही धरावी: वयाची खात्री करा, काम थांबवा, घरी जाणारे पैसे सुरू ठेवा, शाळेत नाव घाला, आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला ती नोकरी देऊ करा. खर्च पुरवठादाराचा, आणि तो पळवाट काढणार नाही हे बघणं आपलं.

तपासणीच्या मधले दिवस

वर्षातला एक दिवस आपण तिथे असतो, उरलेले दिवस नसतो. म्हणून कामगाराला थेट आपल्यापर्यंत पोचता येईल असा एक फोन नंबर हवा, त्यांच्या भाषेत, रात्रपाळीलाही उचलला जाणारा. नोटीस बोर्डापेक्षा तो पगाराच्या पावतीवर छापा. पावती घरी जाते. तक्रार मिळाल्याचं दोन दिवसांत कळवा, पुढे काय होणार ते सांगा. सहा महिन्यांत एकही फोन आला नाही तर ते चांगलं लक्षण समजू नका. नंबर कोणाला माहीत नाही, किंवा त्यावर विश्वास नाही.

आणि पुरवठादार सुधारतच नसेल तर? संबंध तोडण्यालाही पद्धत आहे. लेखी इशारा, ठरलेली मुदत, मग ऑर्डरी टप्प्याटप्प्याने कमी. कापलेला, शिवलेला, अर्धवट तयार झालेला माल आपल्या नावावर आहे, त्याचे पैसे पूर्ण द्यायचे. 2020 मध्ये महासाथ आल्यावर अनेक खरेदीदारांनी तयार मालाच्या ऑर्डरीसुद्धा रद्द केल्या आणि पगार न मिळता घरी गेले ते कामगार. हे कलम करारात आधीच लिहून ठेवा: पक्की ऑर्डर रद्द केली तर कच्चा माल आणि झालेल्या कामाची मजुरी खरेदीदाराने 30 दिवसांत चुकती करायची. आपल्या वकिलाला ते आवडणार नाही.